संसाराचा जमाखर्च : थोड्या पुंजीवर घर-खरेदी

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणारास वीट, चुना, लांकूड आणि गवंडी यांचीच विवंचना असे. जागा बहुधा वडिलोपार्जित असावयाची, आणि पैसा गांठीस बांधल्यावरच पायाचा दगड बसावयाचा. आजच्या शहरवासी गृहस्थास वीट-चुन्याशीं कर्तव्य उरलेलें नाहीं. त्याची विवंचना एकच, आणि ती पैशाची. घराची किंमत पाऊण कोटि आणि पदरीं मात्र सात-आठ लाख, अशा स्थितींतलीं सुशिक्षित कुटुंबें आज जागोजाग दिसतात. एवढ्या पुंजीवर घर घेतां येईल काय, आणि राहतें घर असतांना केवळ गुंतवणूक म्हणून दुसरें घेणें शहाणपणाचें होईल काय, असे प्रश्न या सदराकडे वारंवार येतात. आजच्या अंकांत त्यांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थोड्या पैशांत घर कसें व्हावें हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें १७७५ सालीं रिचर्ड केटली नांवाच्या एका खाणावळवाल्यानें आपल्या खाणावळींत एक मंडळी जमविली. प्रत्येकानें दर महिन्यास ठराविक वर्गणी द्यावयाची, सांठलेल्या रकमेंतून पाळीपाळीनें एकेकाचें घर उभें करावयाचें, आणि सर्वांचीं घरें झालीं म्हणजे मंडळी विसर्जन करावयाची, अशी ती योजना होती. आपल्याकडील भिशीचेंच हें थोर भावंड म्हणावयाचें! गृहकर्ज देणाऱ्या विलायती संस्थांचा उगम या मंडळींत आहे. आपल्या मुंबईंतहि १९१५ सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवी भागांत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. पश्चिम हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या गृहसंस्थांपैकीं ती एक होय. भाड्याच्या खोलींत दिवस काढणाऱ्या पांढरपेशांनीं एकत्र येऊन भाग घ्यावयाचे, मालकी संस्थेची ठेवावयाची, आणि राहण्याचा हक्क सभासदांचा मानावयाचा, हें तिचें सूत्र. एकट्याच्या आटोक्यांत जें येत नाहीं तें दहाजणांच्या नियमित आणि विश्वासाच्या वर्गणीनें येतें, हा धडा या दोन्ही उदाहरणांत सारखाच आहे. तो पुढें आपल्या उपयोगीं पडणार आहे, म्हणून येथें सांगून ठेविला.

पुढें काळ बदलला. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं केवळ घरासाठींच कर्ज देणारी संस्था मुंबईंत काढली, आणि नोकरदार गृहस्थास निवृत्तीची वाट न पाहतां ऐन तारुण्यांत घर घेतां येऊं लागलें. (ती संस्था २०२३ सालीं आपल्याच बँकेंत विलीन झाली.) आज बहुतेक बँका हा व्यवहार करतात. तथापि बँक घराची सगळी किंमत कधींच देत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०१५ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें ३० लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जास ८० टक्क्यांपर्यंत, आणि त्यावरील कर्जास ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देतां येते. उरलेला भाग घेणारानें पदरचा घालावयाचा. यालाच व्यवहारांत ‘डाऊन पेमेंट’ असें म्हणतात. आम्ही त्यास पदरचा पैसा म्हणूं.

येथेंच पुष्कळांचा हिशेब चुकतो. ७५ लाखांच्या सदनिकेला ६० लाख कर्ज मिळेल, म्हणजे आपल्याला १५ लाखांची तजवीज केली कीं झालें, असें ते समजतात. परंतु दहा लाखांहून अधिक किंमतीच्या घराच्या बाबतींत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी-खर्च हे बँकेच्या हिशेबांत घराच्या किंमतींत धरले जात नाहींत. पुणें शहरांत पुरुषाचे नांवें खरेदी झाल्यास मुद्रांक व त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के पडतात. म्हणजे ५ लाख २५ हजार. हे शुल्कहि करारांतली किंमत आणि सरकारी मूल्यदर यांपैकीं जी रक्कम मोठी असेल तिच्यावर आकारतात. नोंदणीचे ३० हजार. इमारत बांधून पुरी झालेली नसेल, तर वस्तु व सेवा कर ५ टक्के, म्हणजे आणखी ३ लाख ७५ हजार. एकूण वरखर्च ९ लाख ३० हजार. तेव्हां पदरचा पैसा १५ लाख नव्हे, तर २४ लाख ३० हजार पाहिजे. दिवाणखान्यांतल्या पंख्यापासून ओट्यावरच्या शेगडीपर्यंतचा खर्च यांत धरलेलाच नाहीं.

आतां हीच सदनिका पुरी झालेल्या, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींत घेतली, तर वस्तु व सेवा कर मुळींच पडत नाहीं. आणि खरेदीखत केवळ स्त्रियांच्याच नांवें केलें, तर महाराष्ट्रांत २०२१ सालापासून मुद्रांक शुल्कांत एका टक्क्याची सवलत आहे. या दोन गोष्टी साधल्या, तर मुद्रांकाचे ४ लाख ५० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि मूळ १५ लाख मिळून १९ लाख ८० हजारांत काम भागतें. केवळ घराची व नांवाची निवड विचारपूर्वक केल्यानें साडेचार लाख वांचतात! कर्जाच्या दरांत पाव टक्का कमी व्हावा म्हणून दहा बँकांचे उंबरे झिजविणाऱ्यांनीं या हिशेबाकडे आधीं पहावें.

एवढा पैसा ज्यांच्यापाशीं नाहीं ते काय करतात? त्यांचे मार्ग आम्हीं तीन प्रकारांत वांटले आहेत : निर्धास्त, सांभाळून जाण्याचे, आणि टाळण्याचे.

निर्धास्त मार्गांत पहिला मान एकत्र कुटुंबाच्या एकत्र बचतीला. त्याविषयीं शेवटीं सविस्तर सांगूं. भविष्यनिर्वाह निधींतून घरासाठीं नियमाप्रमाणें रक्कम काढतां येते. ती परत फेडावयाची नसते, मात्र म्हातारपणचा ठेवा तेवढा उणा होतो हें विसरूं नये. सरकारी नोकरांस घरबांधणी-अग्रिमाची सोय आहे. जुनी सदनिका ओळखीच्या गृहस्थाकडून घ्यावयाची असेल, तर किंमतीचा कांहीं भाग सहा महिन्यांनीं वा वर्षानें द्यावा असाहि करार होऊं शकतो. मालमत्ता-हस्तांतरणाचा १८८२ सालचा कायदा विक्रेत्याला अशा राहिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर बोजा देतो. म्हणून सज्जन विक्रेत्यानें या व्यवस्थेला भिण्याचें कारण नाहीं. मात्र कर्ज देणाऱ्या बँकेस हें आधीं सांगितलें पाहिजे, आणि अशी प्रत्येक अट खरेदीखतांत लिहिलेली पाहिजे. तोंडी शब्दावर घरें चालतात, घरांचे व्यवहार चालत नाहींत.

सांभाळून जाण्याच्या मार्गांत सोन्यावरचें व आयुर्विम्याच्या पॉलिसीवरचें कर्ज येतें. दोन्हींचा दर बहुधा विनातारण कर्जाहून कमी असतो. पण घरांतल्या सुनांचें सोनें हें त्यांचें स्त्रीधन आहे. तें कुटुंबाच्या तिजोरींत असलें तरी कुटुंबाचें नव्हे. तें गहाण पडावयाचें असेल, तर त्यांच्या खुषीनें, आणि केव्हां सोडवावयाचें हें कागदावर लिहून पडावें. गृहलक्ष्मीला दागिन्यांचा मोह असतो अशी थट्टा करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, अडीअडचणीच्या वेळीं बहुतेक संसारांत तिचेंच सोनें सर्वांच्या आधीं बाहेर निघतें आणि सर्वांच्या मागून परत येतें.

टाळण्याच्या मार्गांत पहिला म्हणजे पदरचा पैसा उभा करण्यासाठीं काढलेलें विनातारण वैयक्तिक कर्ज. बँक आपल्याला २० टक्के पदरचे घालावयास लावते तें उगीच नव्हे. घर घेणाराचें स्वतःचें कांहीं पणाला लागावें, आणि भाव उतरले तरी कर्ज व घर यांत कांहीं अंतर रहावें, हा त्यामागचा हेतु आहे. ते २० टक्केहि ज्यानें चढ्या दराच्या कर्जानें आणले, त्यानें दोन दोन हप्त्यांचें ओझें घेऊन तर चालावयाचेंच, शिवाय त्याच्या पायांखालीं फळीहि राहिली नाहीं.

दुसरा मार्ग जाहिरातींत फार गोड दिसतो. ‘आज वीस टक्के द्या, उरलेले ताबा घेतांना; तोंवरचें व्याज आमच्याकडे’ असें बांधकाम-व्यावसायिक सांगतो. वस्तुतः कर्ज घेणाराच्याच नांवें निघालेलें असतें, आणि पैसा मात्र व्यावसायिकाच्या हातीं गेलेला असतो. त्यानें व्याज भरणें थांबविलें म्हणजे बँक त्याचें दार ठोठावीत नाहीं; ती आपलें ठोठावते. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांना सांगितलें होतें कीं, कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्याटप्प्यानेंच द्यावी. २०१९ सालीं राष्ट्रीय आवास बँकेनें गृहवित्त कंपन्यांना असल्या योजनांपासून दूर राहण्यास बजाविलें. तरीहि दिल्लीभोंवतालच्या हजारों कुटुंबांना घर नाहीं आणि हप्ता मात्र आहे, अशी दशा आली. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या प्रकरणांतील व्यावसायिक आणि बँका यांच्या संगनमताची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविली.

तेव्हां बांधकाम चालू असलेल्या इमारतींत घर घ्यावयाचेंच असेल, तर २०१६ सालच्या स्थावर-संपदा कायद्याचा आधार सोडूं नये. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा व्यावसायिकास अधिकार नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के त्यानें त्याच प्रकल्पाच्या जमीन-बांधकामासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवावयाचे असतात. ठरल्या वेळीं ताबा न मिळाल्यास रक्कम व्याजासह परत मागतां येते. प्रकल्पाची नोंद महारेराच्या दप्तरीं आहे कीं नाहीं, आणि ताब्याची कोणती तारीख तेथें लिहिलेली आहे, हें घरबसल्या पाहतां येतें. वधूवरांची पत्रिका जुळविण्यास जेवढा वेळ आपण देतों, त्याच्या चौथाईनें वेळ दिला तरी पुरे.

आतां गुंतवणुकीच्या प्रश्नाकडे वळूं. थोड्या पैशांत मोठी मिळकत घेतली कीं नफा अनेक पटींनीं होतो, हें वचन आज तरुणांच्या तोंडीं फार ऐकूं येतें. तें खोटें नाहीं, पण अर्धें आहे. ७५ लाखांची सदनिका घेऊन मूळ किंमतींत पदरचे १५ लाख घातले, आणि भाव १० टक्के चढला, तर साडेसात लाखांचा फायदा होतो. म्हणजे घातलेल्या पैशाच्या निम्मा. परंतु भाव १० टक्के उतरला, तर निम्मा पैसा बुडतोहि. आणि भाव जागच्या जागीं राहिला तर? ६० लाखांच्या कर्जास साडेआठ टक्के दरानें व वीस वर्षांच्या मुदतीनें महिना सुमारें ५२ हजार ७० रुपये हप्ता पडतो. पहिल्या वर्षीं भरलेल्या ६ लाख २५ हजारांपैकीं ५ लाखांहून अधिक रक्कम निव्वळ व्याजांत जाते; मुद्दल फिटतें तें केवळ १ लाख १९ हजार. सदनिका २० हजार रुपयांनीं भाड्यानें गेली असें धरलें, तर वर्षाचें भाडें २ लाख ४० हजार. त्यांतून इमारतीचा देखभाल-खर्च, नगरपालिकेचा कर, आणि भाडेकरू बदलतांना रिकामे जाणारे महिने वजा करावयाचे. ‘भाड्यांतून हप्ता निघेल’ असें जें सांगितलें जातें, त्याची ही किंमत आहे : दर महिन्यास ३२ हजारांहून अधिक रक्कम पगारांतून घालावी लागणार.

करांत सूट मिळते म्हणून कर्ज काढावें, हा युक्तिवादहि पूर्वींइतका खरा राहिलेला नाहीं. २०२३ सालापासून जी नवी आयकर-पद्धति आपोआप लागू धरली जाते, तींत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळत नाहीं. जुनी पद्धति निवडण्याची मुभा आहे. पण ती निवडावी कीं नाहीं, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्यापुरता मांडावयास हवा.

हप्ता कायम राहील असेंहि समजूं नये. २०२२ च्या मे महिन्याच्या आरंभीं रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. २०२३ च्या फेब्रुवारींत तो साडेसहा टक्क्यांवर गेला. अवघ्या दहा महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ! ६० लाखांचें वीस वर्षांचें कर्ज सात टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांवर गेलें, तर हप्ता ४६ हजार ५१८ रुपयांवरून ५५ हजार ९२८ रुपयांवर जातो. पुष्कळ बँकांनीं त्या काळांत हप्ता न वाढवितां मुदत लांबविली, आणि कित्येक गृहस्थांचें कर्ज त्यांच्या निवृत्तीच्याहि पलीकडे गेलें. त्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्यें रिझर्व्ह बँकेनें असा दंडक घातला कीं, दर बदलतांना हप्ता वाढवावा कीं मुदत, याची निवड कर्जदारास द्यावी. ती निवड आपण होऊन मागावी, आणि शक्य असेल तर हप्ता वाढवून मुदत जागीं ठेवावी. बदलत्या दराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीपूर्वीं फेडल्यास व्यक्तीला दंड पडत नाहीं. दिवाळीच्या बक्षिसीचा याहून चांगला उपयोग आम्हांस माहीत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येऊं. समजा, तीन भावांचें एक कुटुंब आहे. वडील हयात नाहींत, आई आहे, दोन बहिणी सासरीं सुखानें नांदत आहेत. राहतें घर वाडवडिलांचें, ऋणमुक्त. धाकट्या भावाच्या मनांत गुंतवणुकीसाठीं एक सदनिका घ्यावयाचें आहे. पदरीं आठ लाख. कमी पडणाऱ्या रकमेसाठीं जुनें घर गहाण ठेवण्याची बँकेची तयारी आहे. तो कागद आईपुढें ठेवून म्हणतो, “आई, येथें तुझी फक्त सही पाहिजे.” आणि आई, मुलाच्या उत्कर्षाआड येऊं नये म्हणून, चष्मा शोधूं लागते.

त्या ‘फक्त’ शब्दांत काय सांठलें आहे तें सही करणारीला समजलें पाहिजे. १८७२ सालच्या करार-कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. करारांत निराळें लिहिलें नसेल तर ती तसूभरहि कमी नसते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला म्हणजे बँक तें खातें अनुत्पादक ठरविते, आणि २००२ सालच्या सरफेसी कायद्याखालीं ६० दिवसांची नोटीस देऊन, कोर्टांत दावा न लावतां, तारण मिळकतीचा कबजा घेण्याच्या मार्गाला लागूं शकते. गहाण पडलेली मिळकत नवी सदनिका नसून आईचें राहतें घर असेल, तर धाकट्याच्या गुंतवणुकीचा तोटा सगळ्या कुटुंबाच्या डोक्यावरील छपरानें भरून द्यावयाचा, असा त्या सहीचा अर्थ होतो.

शिवाय तें घर गहाण ठेवण्याचा अधिकार तरी एकट्या दुकट्याला आहे काय? २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींना मुलांसारखाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ नि:संदिग्ध केला. सासरीं गेलेल्या दोन्ही बहिणी त्या घराच्या वांटेकरी आहेत. वांटणी झाल्यास आईलाहि हिस्सा आहे. कर्त्यानें एकत्र मिळकत गहाण ठेवावयाची ती कुटुंबाची खरी निकड किंवा मिळकतीचें हित असेल तरच, असा आपल्या धर्मशास्त्रापासून चालत आलेला नियम आहे. भाव चढेल या आशेनें घेतलेली सदनिका त्या व्याख्येंत बसविणें कठीण. तेव्हां ज्या सह्या आज संकोचानें मागावयाच्या राहून जातात, त्याच उद्यां कोर्टांत मागाव्या लागतात. आणि तोंवर भाऊबीजेचें ताट एका घरांतून दुसऱ्या घरांत जावयाचें थांबलेलें असतें.

आमचें मत स्पष्ट आहे. राहण्यासाठीं घर नसेल, तर घरासाठीं कर्ज काढावें. तें निलाजरें नव्हे, आणि त्यासाठीं कुटुंबानें झीज सोसावी हेंहि योग्यच. परंतु गुंतवणुकीच्या घरासाठीं राहतें घर कधींहि गहाण पडूं नये. ज्यावर सर्वांचा निवारा अवलंबून आहे, तें एकाच्या अंदाजावर लावूं नये. मुलानें रागावून आठ दिवस अबोला धरला तरी चालेल. आईनें चष्मा शोधूं नये.

मग धाकट्यानें आशाच सोडावी काय? मुळींच नाहीं. येथेंच बर्मिंगहॅमच्या त्या खाणावळींतला धडा उपयोगीं पडतो. घरांत तिघे मिळवते आहेत. प्रत्येकानें दर महिन्यास १५ हजार रुपये एका वेगळ्या आवर्ती ठेवींत टाकले, तर महिन्यास ४५ हजार होतात. पदरचे आठ लाख धरून १९ लाख ८० हजारांची रक्कम, व्याज न धरतांहि, सव्वादोन वर्षांत उभी राहते. तोंवर भाव चढतील, असा आक्षेप कोणी घेईल. चढतीलहि, तेव्हां घर थोडें लहान, थोडें दूर, किंवा थोडें जुनें घ्यावें. पण या सव्वादोन वर्षांत बचतीहून मोठी अशी एक गोष्ट साधते. महिन्यास ४५ हजार बाजूस टाकणें म्हणजे ५२ हजारांच्या हप्त्याची तालीमच होय. तालमींत ज्या कुटुंबाचा दम निघाला, त्यानें रंगभूमीवर उतरूंच नये. तेथें पडदा पाडतां येत नाहीं.

खरेदीचा दिवस आला म्हणजे नांवांचा विचार प्रथम करावा. ज्यांचा पैसा, त्यांचीं नांवें खरेदीखतांत असावींत, आणि कोणाचा वांटा किती हेंहि लिहिलेलें असावें. धाकट्या सुनेच्या पगारावर बँकेनें कर्ज वाढवून दिलें, तिच्या खात्यांतून हप्ता गेला, आणि खरेदीखतांत मात्र तिचें नांव नाहीं, असे प्रकार सुशिक्षित घरांतूनहि होतात. सहकर्जदार म्हणून ती सबंध कर्जास बांधलेली राहते, आणि घराची मालकीण मात्र नसते. तिघा भावांच्या पैशांनीं घेऊन एकाच्याच नांवावर घर ठेवणें हेंहि घातक आहे. बेनामी-व्यवहाराच्या कायद्यांत पति-पत्नी व मुलें यांच्यासाठीं अपवाद आहे. भावाबहिणींसाठींचा अपवाद मात्र त्यांचें नांव सहमालक म्हणून कागदावर असेल, आणि पैसा उघड मिळकतीचा असेल, तरच लागतो. स्त्रियांसाठींच्या एक टक्क्याच्या सवलतीचा लाभ घ्यावयाचा तोहि ही गोष्ट सांभाळूनच घ्यावा. पाऊण लाख वांचविण्यासाठीं हक्काचा घोळ करूं नये. कर्जाच्या रकमेइतका कर्त्याचा शुद्ध मुदतीचा आयुर्विमाहि त्याच दिवशीं उतरावा. घर मुलांसाठीं ठेवून जावें; हप्ते ठेवून जाऊं नयेत.

आणि ज्यांना दुसरें घर नको, केवळ इमारतींच्या उत्पन्नांत भाग हवा, त्यांना आतां कर्जाखेरीजचाहि एक मार्ग आहे. कचेऱ्यांच्या व दुकानांच्या मोठ्या इमारती न्यासाकडे ठेवून त्यांचे भाग शेअरबाजारांत विकले जातात. यांना ‘रीट’ म्हणतात. सेबीनें यांचे नियम २०१४ सालीं केले, आणि पहिला असा न्यास २०१९ सालीं बाजारांत आला. वांटपायोग्य उत्पन्नापैकीं ९० टक्के रक्कम न्यासानें भागधारकांस वांटावयाची असते, आणि आज बाजारांत एकेक भागहि घेतां येतो. भागांचा भाव चढतो तसा उतरतोहि, हें खरें. परंतु त्यापायीं आईची सही कोणी मागत नाहीं.

पदरीं पैसा थोडा असणें यांत कमीपणा नाहीं. आपल्यांतल्या बहुतेक मोठ्या घरांचा पाया थोड्याच पैशांवर घातला गेला. विचार एवढाच करावा कीं, उणीव कशानें भरून काढली : सर्वांच्या नियमित काटकसरीनें, कीं एकाच्या उतावीळपणासाठीं सर्वांच्या निवाऱ्यानें. पुढील पाडव्याचा मुहूर्त चुकला तर त्यापुढचा येईल. तोंवर घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं, मिळवत्या मुलांनीं व सुनांनीं, आणि शक्य असेल तर माहेरीं आलेल्या लेकींनींहि, एका रविवारीं दुपारीं कागद-पेन्सिल घेऊन वर दिलेला हिशेब आपल्या आंकड्यांनीं मांडून पहावा, अशी आमची त्यांना विनंती आहे.